बोटातून जाणारा प्रकाश काय सांगतो: सुईविना रक्त वाचू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

करोनाच्या काळात नागपुरातील अनेक घरांत ऑक्सिमीटर आला आणि आज तो औषधांच्या डब्यात, वाळलेल्या बॅटरीसह, पडून आहे. बोटाला लावायचा हा चिमटा त्वचेला ओरखडाही न काढता रक्तातील हिमोग्लोबिनने किती टक्के ऑक्सिजन घेतला आहे हे सांगतो, आणि तेही केवळ दोन रंगांच्या प्रकाशाच्या बळावर. हे कसे घडते, ते स्वतःच्या हाताने करून कसे पाहावे आणि येणाऱ्या आकड्यावर कुठे विश्वास ठेवू नये, हे पायरीपायरीने सांगण्याचा हा प्रयत्न आहे. अकरावी-बारावीच्या विज्ञानाइतकी तयारी त्यासाठी पुरे. साहित्य म्हणून फ्लॅश असलेला मोबाइल, घरातील ऑक्सिमीटर आणि एक वही हवी; हौस असल्यास नागपूरच्या बर्डी भागातील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून किंवा ऑनलाइन मागवलेले, काहीशे रुपयांचे एक सेन्सर मॉड्यूल.

एक अट मात्र सुरुवातीलाच मान्य करावी लागेल. येथे सांगितलेले प्रयोग शिकण्यासाठी आहेत; घरी जोडलेल्या उपकरणाच्या आकड्यावरून कोणाचेही औषध सुरू करू नये, बदलू नये किंवा थांबवू नये. प्रयोग प्रौढ आणि निरोगी व्यक्तीच्या बोटावरच करावेत आणि लेझर कोणत्याही निमित्ताने वापरू नये.

पहिली पायरी: अंधाऱ्या खोलीत तळहात

रात्री खोलीतील दिवे मालवावेत, मोबाइलचा टॉर्च लावावा आणि त्यावर बोटे जुळवून धरावीत. बोटांच्या कडा लालभडक दिसतात. टॉर्चचा प्रकाश पांढरा असतो, म्हणजे त्यात निळा, हिरवा आणि लाल हे सगळेच असतात. पण रक्तातील हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात गिळते आणि लाल पुढे जाऊ देते. तांबड्या टोकापासून अवरक्ताच्या सुरुवातीपर्यंतचा, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, पट्टा हा शरीरात डोकावण्याची खिडकी मानला जातो. त्याच्या अलीकडे हिमोग्लोबिन आडवे येते आणि पलीकडे पाणी.

आता नीट निरखून पाहावे: बोटात हाड आहे, तरी त्याची सावली दिसत नाही. नवशिक्याने येथे थांबून विचार करावा असे मला वाटते, कारण पुढच्या निम्म्या अडचणी या न दिसणाऱ्या सावलीत आहेत. ऊतींमध्ये प्रकाश सरळ रेषेत जात नाही; दाट धुक्यात दिव्याचा झोत पसरावा तसा तो पेशींवर, तंतूंवर आदळत, वाटा बदलत बाहेर पडतो. त्यामुळे त्याने कापलेले अंतर बोटाच्या जाडीपेक्षा बरेच जास्त असते आणि ते नेमके किती हे आपल्याला ठाऊक नसते. शाळेच्या प्रयोगशाळेत रंगीत द्रावणाची तीव्रता काढताना आपण जो बीअर-लँबर्टचा नियम वापरतो, त्यात प्रकाशाने कापलेले अंतर माहीत असावे लागते. काचेच्या नळीत ते १ सेंटीमीटर असते. जिवंत बोटात ते कोणी मोजून दिलेले नसते. तरीही मोजमाप होते, आणि ते कोणत्या युक्तीने होते हे पुढच्या दोन पायऱ्यांवर कळेल.

दुसरी पायरी: कॅमेऱ्याने नाडी पकडणे

मोबाइलचा मागचा कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही झाकले जातील असे तर्जनीचे टोक ठेवावे, फ्लॅश चालू करावा आणि २० सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा. फ्लॅश तापतो, म्हणून याहून जास्त वेळ बोट ठेवू नये. चित्रात केवळ लाल पडदा दिसेल, पण त्याची उजळता हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर किंचित कमीजास्त होत असते. प्रत्येक चौकटीतील हिरव्या रंगाची सरासरी काढून आलेख काढला, किंवा हेच काम करणारे एखादे मोफत ॲप वापरले, तर ठोके स्पष्ट मोजता येतात. शेजारी बसलेल्या व्यक्तीने त्याच वेळी दुसऱ्या हाताच्या मनगटावरची नाडी घड्याळ लावून मोजावी आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत.

हिरवा रंग निवडण्याचे कारण पहिल्या पायरीतच आले आहे. हिमोग्लोबिन तो जास्त गिळते, म्हणून रक्त थोडे वाढले-घटले तरी त्याच्यात मोठा बदल दिसतो. मनगटी घड्याळांच्या पाठीमागे हिरवे दिवे लुकलुकतात तेही म्हणूनच. लाल रंगाचा आकडा मात्र बहुतेक फोनमध्ये कमाल मर्यादेला जाऊन चिकटतो आणि तेथे नाडी असूनही दिसत नाही.

तिसरी पायरी: दोन रंग, एक गुणोत्तर

ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन यांचे रंग वेगळे असतात. ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन खूप जास्त शोषते, तर ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाला ऑक्सिजन असलेले काहीसे जास्त शोषते. ८०० नॅनोमीटरच्या आसपास दोघांचे शोषण सारखे होते. एवढ्यावरून दोन रंगांची तुलना करून ऑक्सिजनचे प्रमाण काढता येईल असे वाटते. पण बोटात हाड आहे, त्वचेचा वर्ण आहे, शिरांमधले साचलेले रक्त आहे, आणि हे सगळे प्रकाश गिळतात.

हा गुंता सोडवला तो जपानमधील निहॉन कोहडेन या कंपनीतील अभियंते ताकुओ आओयागी यांनी. रक्तात सोडलेल्या रंगद्रव्याच्या साहाय्याने हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलते, हे कानातून जाणाऱ्या प्रकाशावरून मोजण्याचे काम ते करत होते आणि नाडीमुळे आलेखावर उठणारे तरंग त्यांना त्रास देत होते. दोन तरंगलांब्यांचे संकेत तोलून हे तरंग नाहीसे करण्याची सोय त्यांनी केली. पण शरीरातील ऑक्सिजन कमी झाला की हा तोल बिघडे. ज्याला ते कचरा समजत होते त्यातच उत्तर होते. १९७४ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली आणि आजचा प्रत्येक ऑक्सिमीटर तिच्यावरच चालतो.

कल्पना अशी की ठोक्यागणिक बदलते ते फक्त धमनीत नव्याने आलेले रक्त. हाड, त्वचा आणि शिरांमधले रक्त त्या क्षणापुरते स्थिर राहतात. म्हणून प्रत्येक रंगासाठी बदलणाऱ्या भागाला स्थिर भागाने भागायचे, आणि मग लाल रंगाच्या भागाकाराला अवरक्ताच्या भागाकाराने भागायचे. दिवा किती प्रखर आहे, बोट किती जाड आहे, त्वचा किती सावळी आहे, हे बऱ्याच अंशी कटून जाते. उरलेल्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढण्यासाठी पाठ्यपुस्तकांत एक सोपे सूत्र देतात: ११० मधून गुणोत्तराची २५ पट वजा करावी.

चौथी पायरी: स्वतः जोडून पाहणे

मॅक्स ३०१०२ या नावाचे मॉड्यूल मागावे. नखाएवढ्या चकतीवर लाल आणि ८८० नॅनोमीटरचा अवरक्त असे दोन दिवे आणि परतून येणारा प्रकाश टिपणारा एक सेन्सर असतो. ईएसपी ३२ या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला ते चार तारांनी जोडले जाते: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, आणि माहितीसाठी एसडीए व एससीएल, ज्या सामान्यतः २१ आणि २२ क्रमांकांच्या पिनांवर जातात. आर्डुइनो या, अशा बोर्डांसाठी प्रोग्राम लिहिण्याच्या प्रणालीत या सेन्सरची तयार लायब्ररी, म्हणजे आधीच लिहिलेला प्रोग्रामसंच, मिळते. तिच्यातील कच्चे आकडे दाखवणारे उदाहरण आधी चालवावे. टक्केवारी दाखवणारे उदाहरण आधी चालवण्याचा मोह टाळावा, कारण आयता आकडा मिळाला की आलेखाकडे कोणी पाहत नाही.

बोट सेन्सरवर नुसते टेकवावे. मी पहिल्यांदा हे जोडले तेव्हा संकेत चांगला मिळावा म्हणून बोट चांगलेच दाबून धरले होते आणि आलेख सपाट आल्यामुळे दोन संध्याकाळ तारा तपासण्यात घालवल्या. सेन्सर ठीक होता, दाबामुळे बोटाच्या टोकातले रक्तच बाजूला सरत होते. सैल रबरबँडने किंवा कापडी पट्टीने बोट अलगद बांधले तर दाब सारखा राहतो. वरून काळे कापड टाकावे. कच्चा आलेख उलटा दिसला तर घाबरू नये: ठोक्याच्या वेळी रक्त वाढते, प्रकाश जास्त गिळला जातो आणि आकडा खाली जातो.

समजा लाल रंगाची स्थिर पातळी १,००,००० आणि ठोक्यागणिक चढउतार ५०० आला, तर भागाकार ०.००५. अवरक्ताची स्थिर पातळी १,२०,००० आणि चढउतार १,२०० असेल, तर ०.०१. पहिल्याला दुसऱ्याने भागले की गुणोत्तर ०.५, आणि सूत्राने ९७.५ टक्के. हे गणित निदान दहा ठोक्यांसाठी हाताने करावे. येथे लक्षात घ्यावे की आपण ज्या चढउतारावर सारा डोलारा उभारला, तो एकूण प्रकाशाच्या जेमतेम अर्धा-एक टक्का आहे.

आता बोट मुद्दाम हलवावे. चढउतार एकदम मोठा होईल, पण तो हालचालीचा असेल आणि दोन्ही रंगांत जवळपास सारखाच असेल. सारख्याला सारख्याने भागले की गुणोत्तर १ आणि सूत्राने उत्तर ८५. म्हणजे आकडा ८५ च्या आसपास घुटमळू लागला, तर शरीराआधी संकेताचा संशय घ्यावा. उलट बाजूही तितकीच खरी आहे: मेथहिमोग्लोबिन नावाचे बिघडलेले हिमोग्लोबिन रक्तात वाढले, तर ते दोन्ही रंग जवळपास सारखेच गिळते आणि आकडा पुन्हा ८५ कडेच ओढला जातो, मग खरा ऑक्सिजन कितीही असो. एकाच आकड्यामागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात, आणि त्यांतले कोणते हे आकडा सांगत नाही.

आणखी एक प्रयोग करून पाहावा. बोटे दोन मिनिटे थंड पाण्यात बुडवून पुसावीत आणि पुन्हा मोजावे. चढउतार आक्रसलेला दिसेल, कारण थंडीने बोटातील बारीक रक्तवाहिन्या आवळतात. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हा प्रयोग न बुडवताही होतो.

या मॉड्यूलचा आकडा बाजारातील उपकरणाशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा करू नये. सूत्रातील ११० आणि २५ निसर्गाने दिलेले नाहीत. उपकरण बनवणाऱ्यांना निरोगी स्वयंसेवकांना नियंत्रित पद्धतीने कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्याच वेळी त्यांच्या धमनीतील रक्ताचे नमुने तपासून, गुणोत्तर आणि टक्केवारी यांची सांगड घालावी लागते. माणसांना ७० टक्क्यांच्या खाली नेणे योग्य नसल्यामुळे त्याखालचे आकडे सगळ्याच उपकरणांत केवळ अंदाजाचे असतात. सुई न टोचणाऱ्या या यंत्राच्या पोटात अशा प्रकारे टोचून घेतलेल्या माणसांचे रक्त आहे.

पाचवी पायरी: घरातला ऑक्सिमीटर नीट वापरणे

मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, हात छातीच्या पातळीला टेकवावा, नखावरील रंग काढलेला असावा. लग्नसराईत काळ्या मेंदीने रंगलेली बोटे टाळून दुसरे बोट किंवा कानाची पाळी निवडावी. उन्हाळ्यात खिडकीतून थेट ऊन येत असेल तर बोटावर रुमाल टाकावा. नाडीचा तरंग किंवा पट्टी नियमित उड्या घेते आहे का ते आधी पाहावे, आणि उपकरणाने दाखवलेला ठोक्यांचा आकडा मनगटावरच्या नाडीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडा वहीत लिहूच नये. जुळत असल्यास अर्ध्या ते एका मिनिटाने स्थिरावलेला आकडा, वेळ आणि बोट यांची नोंद करावी. चांगल्या उपकरणातही दोनतीन टक्क्यांचा फरक गृहीत धरावा लागतो. ९७ आणि ९६ यांत चिंता करण्यासारखे काही नाही. निरोगी माणसाचा आकडा विश्रांतीच्या स्थितीत वारंवार ९४ च्या खाली येत असेल किंवा आकडा चांगला असूनही धाप लागत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. धाप आणि आकडा यांत तंटा झाला तर धापेचे ऐकावे.

आकडा बरोबर असूनही फसवतो अशा काही स्थिती आहेत. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपण्याने कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि दोन रंगांच्या उपकरणाला असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेतलेल्यासारखेच दिसते; माणूस गुदमरत असताना पडद्यावर ९८ राहू शकतो.

दुसरी स्थिती रक्तक्षयाची. ऑक्सिमीटर टक्केवारी सांगतो, प्रमाण सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलीलिटर ऑक्सिजन वाहते. १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या व्यक्तीच्या १०० मिलीलिटर रक्तात ९८ टक्क्यांना सुमारे १८.४ मिलीलिटर ऑक्सिजन असतो, तर ७ ग्रॅम असलेल्या व्यक्तीत त्याच ९८ टक्क्यांना ९.२. डबे सगळे भरलेले, पण गाडीला डबेच निम्मे. विदर्भात सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे असल्याने हे येथे विशेष ध्यानात ठेवावे लागते: सिकलसेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन ऑक्सिजन वेगळ्या रीतीने धरते आणि सोडते, त्यामुळे त्यांची नेहमीची पातळी काय हे बरे असताना मोजून लिहून ठेवणे उपयोगी ठरते. ऑक्सिमीटरने सिकलसेलचे निदान मात्र होत नाही. त्यासाठी रक्ताचीच चाचणी लागते, आणि नागपुरातील मेडिकल किंवा मेयोसारख्या शासकीय रुग्णालयांत त्याची चौकशी करता येते.

तिसरी गोष्ट वर्णाची. गुणोत्तराने त्वचेचा रंग कटून जातो असे वर म्हटले, पण तो पूर्णपणे कटत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑक्सिमीटर ठीक दाखवत असताना रक्तातील ऑक्सिजन खरोखर कमी असण्याचे प्रसंग गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिपटीने आढळले. उपकरणे ज्यांच्यावर जुळवली गेली, त्यांत गडद वर्णाची माणसे थोडी होती हे त्यामागचे एक कारण मानले जाते. आपल्याकडे वर्णांची केवढी विविधता आहे हे पाहता, सावळ्या किंवा काळ्या त्वचेच्या व्यक्तीबाबत ९३-९४ चा आकडा थोडा जास्त गांभीर्याने घ्यावा, असे माझे मत आहे.

सहावी पायरी: जेथे नाडीचा उपयोग नाही

नवजात बाळाच्या काविळीत बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य त्वचेत उतरते. ते स्थिर असते, ठोक्यागणिक बदलत नाही, म्हणून आओयागींची युक्ती येथे चालत नाही. त्याऐवजी बाळाच्या कपाळावर किंवा छातीच्या मध्यभागी उपकरण टेकवून प्रकाशाचा क्षणभर झोत सोडतात आणि परतलेल्या प्रकाशातील निळा, सुमारे ४५० नॅनोमीटरचा, भाग किती गिळला गेला हे हिरव्याशी ताडून पाहतात. बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवले असेल तर त्याच प्रकाशाने त्वचेतील बिलिरुबिन विरते, रक्तातील मात्र तितके उतरलेले नसते, आणि त्वचेवरचा आकडा खोटा दिलासा देतो. आकडा जास्त आला किंवा उपचार चालू असले तर टाचेतून घेतलेले रक्तच तपासतात. घरच्यांनी पिवळ्या बल्बखाली डोळ्यांनी अंदाज बांधू नये, दिवसाच्या उजेडात पाहावे आणि शंका येताच बाळाला दाखवावे.

याच अडचणीचे आमच्या गावचे उदाहरण म्हणजे संत्रे. तोडलेले फळही काही दिवस श्वसन करत असते, म्हणजे ती जिवंत ऊतीच. आणि न कापता, अवरक्ताजवळच्या प्रकाशाने त्याची गोडी सांगण्याची यंत्रे अस्तित्वात आहेत. पण संत्र्याला नाडी नसते. काय स्थिर आणि काय बदलते हे वेगळे काढण्याचा मार्गच नसल्याने शेकडो तरंगलांब्या मोजाव्या लागतात, आणि पुष्कळ फळे आधी प्रकाशाने तपासून मग कापून, रसाची गोडी रिफ्रॅक्टोमीटरने मोजून, संख्याशास्त्राने नाते बसवावे लागते. त्यात नागपुरी संत्र्याची साल सैल, आत पोकळी. प्रकाश तेथेच भरकटतो. आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन वेगळे हंगाम; आंबिया बहाराच्या फळांवर बसवलेले नाते मृग बहाराच्या फळांवर पुन्हा पडताळल्याशिवाय वापरता येत नाही.

सातवी पायरी: साखरेच्या घड्याळाआधी

संत्र्याची अडचण समजली की रक्तातील साखर प्रकाशाने मोजणे इतके कठीण का, हे वेगळे समजवावे लागत नाही. ग्लुकोजला रंग नसतो. उपाशीपोटी ते १०० मिलीलिटर रक्तात ७० ते १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे वजनाच्या हिशेबात हजारात एक भागही नाही. आणि अवरक्तातील त्याच्या खुणा पाणी, चरबी आणि प्रथिने यांच्या कितीतरी मोठ्या खुणांखाली दबलेल्या असतात. नाडीची मदत घ्यावी तर तिचा चढउतारच मुळात एक टक्क्याचा, आणि त्यातला हजारावा हिस्सा शोधायचा. रमण परिणामात रेणूवर आदळून विखुरलेल्या प्रकाशाच्या थोड्याशा भागाची तरंगलांबी बदलते आणि त्या बदलातून रेणूची ओळख पटते, म्हणून त्या वाटेनेही प्रयत्न चालू आहेत. पण असा बदललेला प्रकाश अतिशय क्षीण असतो. ज्यांच्या नावाचा हा परिणाम, ते चंद्रशेखर वेंकट रमण १९१० च्या सुमारास अर्थखात्यातील अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते. गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात मुलांना घेऊन जाताना हे सांगायला हरकत नाही.

तेव्हा बोट न टोचता साखर सांगणारे घड्याळ किंवा अंगठी कोणी दाखवली, तर विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: हा आकडा कोणत्या माणसांच्या रक्ताशी ताडून पाहिला, चूक किती मिलिग्रॅमची येते, आणि कोणत्या औषध नियामकाने मान्यता दिली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले होते की, स्वतःच्या बळावर साखर मोजणाऱ्या अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर ही वेगळी वस्तू आहे. त्याचा बारीक तंतू त्वचेखाली जातो आणि तो रसायनाने मोजतो, प्रकाशाने नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्याने चुकीच्या आकड्यावरून मात्रा घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. विक्रेत्याने केवळ दुकानातच आकडा दाखवला तर आणखी एक साधी चाचणी घ्यावी: ते घड्याळ रिकाम्या बाटलीभोवती ओल्या रुमालावर बांधावे आणि तरीही साखर दिसते का ते पाहावे.